खारट शेरा

सत्यवान कुबल दारू पीत नसे. तो बिअर चाखत असे. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो गावात एकालाही कळत नाही, याचा त्याला गेली अकरा वर्षं सात्त्विक संताप येत होता. नव्व्याण्णव साली बोटीवरची नोकरी संपवून तो कुणकेश्वरच्या अलीकडच्या आपल्या वाडीत परत आला, तेव्हा त्याच्याबरोबर दोन ट्रंका होत्या. एकीत कपडे होते आणि दुसरीत नऊ वह्या. वाडीने मात्र दुसऱ्या ट्रंकेत बाटल्याच आहेत असं ठरवून टाकलं, आणि एकदा वाडीने ठरवलं की ते खोडून काढायला माणसाचा जन्म पुरत नाही.

तीस वर्षं मालवाहू बोटींवर तो मुख्य स्वयंपाकी होता. अँटवर्प बंदरात एका म्हातारीच्या गुत्त्यात त्याने पहिल्यांदा हातची बिअर चाखली. मोठ्या कारखान्यातलं पिवळं पाणी नव्हे, तर मागच्या गल्लीतल्या एका माणसाने चार टाक्यांत स्वतः मुरवलेली. तिला मळणीच्या दिवशी अंगणात येतो तसा भाताच्या पेंढ्याचा वास होता. परक्या मुलखात, पावसाळी संध्याकाळी, त्या वासाने सत्यवानाचे डोळे भरून आले. बोटीवर परतल्यावर त्याने पंचाहत्तर चपात्यांचा हिशोब लिहायच्या वहीत मागच्या पानावर ते सगळं लिहून ठेवलं. तेव्हापासून बंदर तिथे एक गिलास आणि गिलास तिथे एक पान, हा त्याचा नेम झाला. एकच गिलास, दुसरा कधी नाही.

त्याच्या वह्यांतली भाषा त्याची स्वतःची होती. एका बिअरीला ‘फणसाच्या भाजलेल्या आठळांचा वास, मागाहून कोकमाच्या सोलांची आंबटाई’ असं लिहिलेलं असे, तर एखादीला ‘भिजलेल्या काथ्यासारखी, मोरीत ओतण्याच्या लायकीची’. निवृत्त झाल्यावर देवगडच्या सायबर कॅफेत वर्षाली नावाची मुलगी हे सगळं इंग्रजीत करून परदेशातल्या बिअरवेड्यांच्या एका वेबसाइटवर चढवू लागली. बेल्जियमचे लोक सोलं म्हणजे काय ते विचारीत. पुण्या-गोव्याकडचे दोन-चार हॉटेलवाले त्याचा शेरा वाचल्याशिवाय नवीन बिअर ठेवीत नसत. इकडे वाडीत मात्र तो देवगडच्या एसटीतून उतरला की पारावरची माणसं एकमेकांना कोपर मारीत. “इलो काय पिवन?” असं विचारीत. चाखायच्या दिवशी त्याचे जे नियम असत ते यांनी एक दिवस पाळून दाखवावेत, असं त्याला वाटे. मासे नाहीत, कांदा नाही, पान-तंबाखू नाही, सकाळी फक्त बिनमिठाची पेज. लिहिलेला शेरा रात्रभर उशाशी ठेवायचा आणि सकाळी परत वाचूनच धाडायचा. देवळातला पुजारीही इतकं सोवळं पाळीत नसेल.

दोन हजार दहाच्या मार्चात, कुणकेश्वरची जत्रा आटोपल्यावर, सर्वेश त्याच्या अंगणात येऊन उभा राहिला. सर्वेश म्हणजे शिवाचा मुलगा. शिवा आणि सत्यवान एका होडीवर वाढले. पुढे सत्यवान बोटीवर गेला आणि शिवा खाडीकाठच्या बर्फाच्या फॅक्टरीत लाद्या ओढायला लागला. रेती उपसून उपसून खाडीचं पाणी आत शिरलं, फॅक्टरीची विहीर मचूळ झाली, त्या बर्फाला कोणी विचारीना आणि फॅक्टरी बंद पडली. शिवाही तीन वर्षांपूर्वी गेला. सर्वेश पुण्यात एका बिअरच्या कारखान्यात काम करून परत आला होता. त्याने ती बंद फॅक्टरी चालवायला घेतली, परवान्यासाठी दोन वर्षं चपला झिजवल्या आणि थंड खोल्यांत तीन टाक्या बसवल्या.

“काकानू, तुमी एकदा येवन चाखा,” तो म्हणाला. “बरी झाली तर बरी म्हणान लिवा, वायट झाली तर वायट म्हणान लिवा. माका खोटां नको. गोव्याचो एक हॉटेलवालो तुमच्या शेऱ्याची वाट बघता. तुमी बरी म्हटलास तरच तो घेतलो.”

“खोटां लिवची सवय माका नाय,” सत्यवान म्हणाला.

“म्हणानच तुमच्याकडे इलंय.” सर्वेशने पिशवीतून पेपरात गुंडाळलेली एक लहान बाटली काढून ओट्यावर ठेवली. “ही घराकडे ठेवा. काळी बिअर आसा, नाचणीची. बापाशीचां नाव दिलंय तिका.”

मोड आणून भाजलेल्या नाचणीची बिअर, आणि तिचं नाव ‘शिवा’. सत्यवानाला बरं वाटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा आपल्याच खाडीकाठी कोणी तरी त्याच्या जिभेला मान देत होतं. बाटली त्याने पेपरासकट कपाटात ठेवून दिली.

फक्त एक अडचण होती. त्याची उजवीकडची अक्कलदाढ आठ दिवस ठणकत होती. कृष्णाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, कणकवलीच्या दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं तेव्हा तो भडकला होता.

“तो सुई मारतलो. जीभ बधिर करतलो. ही जीभ काय तेच्या बापाशीची आसा?”

“मगे ह्यां धरा दाताखाली आणि गप रवा,” असं म्हणून तिने मसाल्याच्या डब्यातलं तिरफळ त्याच्या हातावर ठेवलं. बांगड्याच्या तिखल्यात घालतात तेच, वाळलेलं, तपकिरी. दाढदुखीला घरोघर हेच औषध. त्याचं टरफल दाढेशी दाबून धरलं की पाच मिनिटांत ठणका थांबे. सत्यवान तेव्हापासून चार तिरफळं कागदाच्या पुडीत बांधून खिशात बाळगू लागला.

ठरल्या दिवशी तो बिनमिठाची पेज पिऊन निघाला. घरात त्या दिवशी सरंग्याचं कालवण होतं आणि त्याने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फॅक्टरीत सर्वेशने पांढरंशुभ्र कापड घातलेल्या टेबलावर तीन गिलास मांडले होते. जिथे शिवा लाद्या ओढायचा तिथेच ते टेबल होतं. टाक्या लख्ख होत्या. पाणी घाटाच्या पायथ्याहून, फोंडाघाटच्या झऱ्यावरून येतं, बाबली नावाचा टँकरवाला दोन दिवसांआड आणतो, हे सर्वेशने अभिमानाने सांगितलं. बिअरीत नव्वद टक्के पाणीच असतं, त्यामुळे पाणी खोटं तर सगळं खोटं, हे सत्यवानच कित्येकदा लिहून चुकला होता.

पहिला गिलास हलक्या, सोनेरी बिअरीचा. सत्यवानाने उजेडात धरून पाहिला, हुंगला आणि घोट घेतला. सुरेख होती. कोवळ्या शहाळ्यासारखं गोडसर पाणी, मागून हॉप्सच्या फुलांची कडवट चव, आणि शेवट एकदम स्वच्छ. त्याने मान डोलावली. सर्वेशच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते बघून सत्यवानाला त्याचा बाप आठवला.

तोच दाढेत कळ गेली. थंडगार बिअर नेमकी तिथेच भिडली होती. माणसासमोर गाल धरून बसणं काही बरं दिसत नाही, म्हणून “इलंय वायच” असं म्हणत तो उठला, मागच्या पडवीत गेला, पुडीतलं तिरफळ काढून दाढेशी दाबलं आणि ठणका जाईपर्यंत उभा राहिला. मग टरफल थुंकून टाकून त्याने नळाखाली चूळ भरली. पाणी मचूळ होतं. ते मचूळ असणारच होतं, कारण धुण्यापुसण्याला सर्वेश फॅक्टरीच्या जुन्या विहिरीचंच पाणी वापरी. सत्यवानाने तोंड पुसलं आणि परत येऊन बसला.

दुसरा गिलास कोकमाच्या बिअरीचा. पहिल्याच घोटाला त्याच्या भुवया वर गेल्या. जिभेच्या कडांना काहीतरी चुरचुरलं आणि मागून खारट, गंजलेल्या पत्र्यासारखी चव आली. त्याने परत घोट घेतला. परत तेच. मग त्याने तिसरा गिलास ओढला, काळा, जाड फेसाचा, शिवाच्या नावाचा. तोही तसाच. अगदी चूळ भरलेल्या पाण्यासारखा.

“ह्यां पाणी खंयचां?” त्याने विचारलं.

“फोंड्याचां, काकानू. सांगलंय नाय?”

“तिन्हींक?”

“तिन्हींक. बाबलीच्याच टँकरचां.”

“मगे पयल्या गिलासात गोडां आणि ह्या दोघांत खारां, ह्यां कसां झालां?”

सर्वेश गोंधळला. त्याने दोन्ही गिलासांतून घोट घेतले. “माका नाय लागणा खारां,” तो हळूच म्हणाला.

आता हे मात्र सत्यवानाला सहन झालं नाही. खोटं करणं एक वेळ समजून घेता येतं, पण पकडल्यावर कानांवर हात ठेवायचे आणि तेही त्याच्या जिभेसमोर? तीस वर्षं पंचवीस देशांचं पाणी चाखलेल्या जिभेला हा कालचा पोरगा शिकवणार? तो खुर्ची मागे सारून उभा राहिला.

“माका शिकव नको. ह्याच विहिरीचां पाणी आसा ह्यां. आताच चूळ भरलंय, तीच चव. पयली बिअर माका दाखवक बरी केलंस आणि उरलेल्यांत विहीर ओतलंस. डिझेल वाचलां, टँकर वाचलो, आणि नाव कोणाचां, तर फोंड्याच्या झऱ्याचां.”

“काकानू, बापाशीच्या नावाची बिअर ती. तिच्यात मी विहिरीचां पाणी घालीन काय?”

“बापाशीचां नाव काढू नको. आज शिवा आसतो तर तेणां ह्यो गिलास तुझ्या टाळक्यार ओतलो असतो.”

सर्वेश मान खाली घालून गिलास आवरायला लागला. ही कबुलीच, असं सत्यवानाने धरलं. तो तडक बाहेर पडला, हमरस्त्यापर्यंत चालत आला आणि मिळेल त्या वडापच्या जीपने देवगडला गेला. वाटेत त्याचं डोकं तापतच गेलं. अकरा वर्षं वाडीने त्याला बेवडा म्हटलं आणि ज्या एकाने जाणकार म्हटलं त्याने फसवायला म्हटलं. आपल्या जिभेचा मान म्हणजे नुसता धंद्यासाठी चढवलेला नारळ.

सायबर कॅफेत वर्षाली एकटीच होती. त्याने उभ्या उभ्या सांगायला सुरुवात केली. पाण्याला मचूळ चव. जिभेवर चुरचुर. शेवट खारा. घाटाच्या झऱ्याचं नाव सांगून खाडीकाठच्या मचूळ विहिरीची बिअर गळ्यात मारली जात आहे, ती कोणी घेऊ नये. मेलेल्या बापाच्या नावाने ही फसवणूक चालली आहे, हे त्याहून वाईट.

वर्षालीची बोटं थांबली. “काकानू, तुमी रातभर उशाक ठेवतास ना? उद्या घालूया.”

“तो नियम बऱ्या माणसांसाठी. लबाडांक कसलो नियम?”

“शेवटची ओळ तरी काढूया. बापाशीची.”

“एक अक्षर काढू नको. घाल.”

तिने घातलं.

पुढचे आठ दिवस सत्यवानाच्या रागाला चांगलं खाद्य मिळालं. गोव्याच्या हॉटेलवाल्याने लिहिलं की वेळेवर सावध केल्याबद्दल आभारी आहे, आपण ती बिअर घेत नाही. पुण्याहून एकाने लिहिलं की अशी जीभ देशात दुसरी नाही. सर्वेश मात्र भांडायला आला नाही, त्याचा निरोपही नाही. “येतलो कसो? तोंड खंय आसा तेका?” असं सत्यवान जेवताना दोनदा तरी म्हणे. कृष्णाबाई वाढत राही. एकदा ती म्हणाली, “शिवाचो झील तसो नाय वाटणा माका.” त्यावर सत्यवान तिच्याशी दिवसभर बोलला नाही.

नवव्या दिवशी दुपारी जेवणाच्या आधी दाढेने परत डोकं वर काढलं. त्याने तिरफळाचं टरफल गालात दाबलं आणि पडवीत बसून राहिला. ठणका ओसरल्यावर तहान लागली. शेजारच्या तांब्यातलं पाणी त्याने घटाघटा तोंडात ओतलं आणि तसंच अंगणात थुंकलं.

खारट. मचूळ. जिभेच्या कडांना चुरचुर.

“आयकलंस गो?” तो ओरडला. “आपली विहीर खारी झाली.”

कृष्णाबाई चुलीपाशी होती. ती बाहेर येईपर्यंतही त्याला दम निघाला नाही. कारण त्याला लगेच आठवलं. शेजारच्या काशीबाईने गेल्याच महिन्यात आपल्या विहिरीवर पंप बसवला होता. बसवायच्या आधी कोणाला विचारलं नव्हतं. दिवसरात्र उपसा चालू, मग खालून खाडीचं पाणी ओढलं जाणार नाही तर काय? तो तरातरा कुंपणाशी गेला आणि त्याने काशीबाईला हाका मारल्या. सत्तरीची काशीबाई मिरच्या वाळत घालीत होती. त्याने तिला सुनावलं ते सगळं तिने कमरेवर हात ठेवून ऐकून घेतलं. पंचायतीत अर्ज करीन, तुझा पंप बंद करायला लावीन, साऱ्या वाडीच्या तोंडचं पाणी पळवायला निघालीस. बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला.

काशीबाईने आपल्या कळशीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि प्याली. मग कुंपणावरून हात लांबवून तिने त्याचाही तांब्या घेतला आणि त्यातलंही प्याली.

“सत्यवाना, दोनय गोडी आसत,” ती म्हणाली. “तुका ऊन लागला काय?”

आणखी एक खोटारडी. सत्यवानाने तांब्या हिसकावून घेऊन बायकोसमोर धरला. कृष्णाबाई प्याली. तिने ओठ पुसले आणि नवऱ्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

“गोडां आसा,” ती म्हणाली.

“तू पण?”

“आ करा.”

“काय?”

“आ करा म्हणतंय.”

पासष्ट वर्षांच्या माणसाने भर दुपारी कुंपणाशी आ केला. कृष्णाबाईने लहान पोराच्या तोंडातली माती काढावी तसं बोट घालून गालातलं टरफल बाहेर काढलं आणि तळहातावर ठेवून त्याला दाखवलं.

“ह्यां काय आसा? तिखल्यातलां तिरफळ दाताखाली इला तर मागाहून पाणी खारां लागता, ह्यां शेंबड्या पोरांक म्हायत आसा. आणि तुमका नाय?”

“तां जेवणात,” सत्यवान म्हणाला. “ह्यां तर औषध.”

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचे शब्द ऐकू आले. काशीबाई हसायला लागली, इतकी की तिला कुंपणाचा आधार घ्यावा लागला. सत्यवान हसला नाही. त्याच्या डोळ्यांसमोर पडवी आली, दाढेशी दाबलेलं टरफल आलं, चूळ आली आणि मग कोकमाचा गिलास. चाखायच्या दिवशी मासे खायचे नाहीत, हा नियम त्याने स्वतःच केला होता, तो तिखल्यातल्या तिरफळासाठीच. आणि तेच तिरफळ औषध म्हणून तोंडात धरताना त्याला काही म्हणता काही वाटलं नाही. डॉक्टरच्या सुईने जीभ बधिर होईल म्हणून तो भडकला होता. पेजेत मीठ नको म्हणून हट्ट केला होता.

त्या दिवशी तो जेवला नाही. संताप पोटात मावत नव्हता, पण आता तो कोणावर काढायचा तेच कळेना. अकरा वर्षं वाडीवर, पारावर, एसटीतल्या माणसांवर काढून झाला होता. शिवाच्या मुलावर काढून झाला होता. काशीबाईच्या पंपावरसुद्धा. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही जास्त भीती वाटत होती, की कपाटातली बाटली आता उघडावी लागणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ती उघडली. रात्रभर दाढ ठणकत होती, पण तिरफळाला हात लावला नव्हता. पेज प्याला, बिनमिठाची. गिलास पुसून घेतला. बाटलीत बरोबर एक गिलास बिअर होती. रंग काळा, उन्हात धरला की तांबूस. त्याने गिलास हुंगला आणि घोट घेतला. नाचणीची भाकरी तव्यावर जरा जास्त राहिली की कडेला जो खमंग करपट वास येतो, तो आधी आला. मग भाजलेल्या आठळा. मग जुना गूळ, पण गोडवा नाही, नुसता गुळाचा वास. पाणी इतकं मऊ की घशाखाली उतरलेलं कळू नये.

त्याने दुसरा घोट घेतला तो चवीसाठी नव्हे. कुठेतरी थोडी तरी खार सापडेल, नखभर, तेवढ्यावर आपलं तोंड वाचेल, म्हणून घेतला. तिसराही त्यासाठीच. असं करता करता त्याने तळापर्यंत गिलास संपवला आणि खार सापडली नाही. मग वही उघडून त्याने दोन पानं लिहिली. अँटवर्पनंतर असं लिहायची वेळ आली नव्हती.

वही काखोटीला मारून तो देवगडला गेला. वर्षालीला त्याने सांगितलं ते सगळं त्या नऊ दिवसांचं होतं. तिरफळ, दाढ, पडवी, चूळ, काशीबाईचा पंप. बिअरीचं पाणी खोटं नव्हतं, जीभ खोटी होती. दाढ काढून होईपर्यंत आपण कुठल्याही बिअरीवर शेरा देणार नाही.

“काकानू,” वर्षाली म्हणाली, “ह्यां घातलां तर लोक तुमचे जुने शेरे पण मानूचे नाय. अकरा वर्षांचे.”

“नाय मानले तर नाय मानले. घाल.” मग तो म्हणाला, “आणि एक कागदार काढून दी.”

तो कागद घडी करून खिशात घालून तो फॅक्टरीत पोचला तेव्हा सर्वेश पाइपने टाकी धूत होता. दोन टाक्यांची झाकणं उघडी होती. त्या दिवशी पांढरं कापड घातलेलं टेबल भिंतीशी उलटं टेकवून ठेवलं होतं. सर्वेशने त्याला पाहिलं आणि पाणी बंद न करताच म्हणाला, “बसा, काकानू.”

“टाक्यो कित्याक धुतंस?”

“ओतली. कोकमाची आणि काळी, दोनय. खाडयेत.” सर्वेश पाइप दुसऱ्या कडेला नेऊन धुवायला लागला. “बाबलीक पण काढलंय. तेणां वाटेत खंयतरी विहिरीर टँकर भरलो असतलो. तो कुणकेश्वराची शपथ घेवन सांगी होतो, फोंड्याचांच पाणी, फोंड्याचांच. पण तुमी म्हणालास खारी. तुमच्या जिभेपुढे बाबलीची शपथ काय?”

सत्यवानाला बसायला खुर्ची दिसेना. तो उलट्या टेबलाला धरून उभा राहिला.

“तू स्वतः चाखलंस ना? माझ्यासमोर चाखलंस.”

“चाखलंय. मागाहून पण धा येळा चाखलंय. माका गोडीच लागली. मगे वाटलां, माझीच जीभ मेली. रातदिस हाच वास नाकात, कळाचां कसां?”

“धा येळा गोडी लागली आणि तरी ओतलंस?” सत्यवानाचा आवाज चढला. “स्वतःच्या जिभेर इस्वास नाय? कोण एक म्हातारो येता, काय तरी बडबडता, आणि तू बापाशीच्या नावाची बिअर खाडयेत... अरे, कित्याक आयकलंस माझां?”

“मगे कोणाचां आयकू?” सर्वेशने विचारलं. त्याला खरंच ते जाणून घ्यायचं होतं.

सत्यवानाने खिशातला कागद काढून त्याच्या हातात दिला. सर्वेशने ओले हात शर्टाला पुसले आणि वाचलं. पहिल्यांदा भरभर, मग परत पहिल्यापासून. पाइप जमिनीवर पडून वाहत होता. तो शिव्या देईल, कागद तोंडावर फेकेल, असं सत्यवानाला वाटलं आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. सर्वेशने कागदाची घडी घातली.

“आधी बाबलीकडे जावक होया,” तो म्हणाला.

“मी जातलंय. मीच सांगतलंय तेका.”

“काळीची बाटली उरलीहा तुमच्याकडे? मी दिलेली? माझ्याकडे एक पण नाय. सगळी ओतलंय.”

“ती मी प्यालंय.”

“सगळी?”

“सगळी.”

सर्वेशने जाऊन नळ बंद केला. तो परत आला आणि उलटं टेबल सरळ करून त्याच्या कडेवर बसला.

“कशी होती?” त्याने विचारलं.

सत्यवानाने काखेतली वही काढली, चष्मा लावला आणि एकेकाळी इथेच बर्फाच्या लाद्या ओढणाऱ्या आपल्या दोस्ताच्या नावाखाली लिहिलेलं पान उघडलं. मग त्याने वाचायला सुरुवात केली. रंग काळा, उन्हात तांबूस. वास नाचणीच्या भाकरीच्या कडेचा. पाणी डोंगरातलं, मऊ. खार नाही. तीनदा शोधली.